सुट्टी लागली की हॉस्टेलचं काय होतं?

(ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी या भागाचं लिखित रूप. बोलताना आलेले "म्हणजे" आणि "काय होतं ना" थोडे कमी केलेत, बाकी बोललो तसंच ठेवलंय.)

आजचा विषय तुमच्यापैकी बहुतेकांच्या रोजच्या बघण्यातला आहे, पण त्याचा अर्धा भाग तुम्ही कधी बघितलेला नसणार. कारण तो अर्धा भाग सुरू होतो तेव्हा तुम्ही एसटीत किंवा कोकणकन्येत बसून घरी निघालेले असता.

विषय आहे कॉलेजचं हॉस्टेल आणि उन्हाळा. शेवटचा पेपर झाला, बॅगा भरल्या, खोलीला कुलूप लागलं. त्यानंतर त्या इमारतीत काम करणाऱ्या माणसांचं काय होतं? केअरटेकर काका, झाडू-पोछा करणाऱ्या मावश्या, इलेक्ट्रिशियन, सिक्युरिटीवाले, मेसमधले आचारी आणि वाढपी. त्यांनाही सुट्टी लागते का? काम कमी होतं की वाढतं? आणि पगार?

मी सॉफ्टवेअरवाला माणूस. मालवण तालुक्यातल्या कट्ट्यावरून हे रेकॉर्ड करतोय. आमच्याकडची पोरं बारावी झाली की कुडाळ, कणकवली, सावंतवाडी, रत्नागिरी, लोणेरे, कोल्हापूर, पुणे अशी पांगतात, त्यामुळे हॉस्टेल हा आमच्या घराघरातला विषय. बीटेक मीही हॉस्टेलला राहूनच केलं, कोकणातल्याच एका कॉलेजात. नाव घेत नाही, कारण पुढे जे सांगणार आहे ते एका कॉलेजापुरतं नाही. तिसऱ्या वर्षानंतरच्या उन्हाळ्यात प्रोजेक्टसाठी मी हॉस्टेलवरच राहिलो होतो. इमारत जवळजवळ रिकामी, आणि तेव्हा पहिल्यांदा कळलं की रिकाम्या हॉस्टेलचा स्वतःचा एक वेग असतो.

वर्षभराचं काम कसं चालतं

आधी नेहमीचे दिवस बघू. सेमिस्टर चालू असताना हॉस्टेलचं काम तुकड्या-तुकड्यांत येतं. सकाळी सात वाजता गीझर चालत नाही. साडेसातला दुसऱ्या मजल्यावर नळ गळतोय. आठला कुणाची तरी चावी हरवली. दहाला फ्यूज उडाला. केअरटेकर एका कामाला हात घालतो, तोवर दुसरा पोरगा समोर उभा.

आमच्या धंद्यात याला इंटरप्ट म्हणतात. प्रोसेसर एक काम करत असतो, मधेच दुसरं काम येऊन खांद्यावर टकटक करतं. प्रत्येक टकटकीमागे वेळ वाया जातो, कारण हातातलं ठेवायचं, नवीन समजून घ्यायचं, मग परत जुन्याकडे यायचं. हॉस्टेलात तर जिने चढ-उतार आले. नळाचा वायसर बदलायला दहा मिनिटं लागतात, पण पाना आणायला खाली जायचं, वर आलं तर खोलीला कुलूप, पोरगा लेक्चरला. दहा मिनिटांच्या कामात अर्धा दिवस जातो. त्यामुळे वर्षभर होते ती मलमपट्टी. "आता चालू करून देतो, सुट्टीत नीट करू" हे वाक्य तुम्ही ऐकलं असेल. ते टाळायला बोललेलं नसतं, खरंच तसंच ठरलेलं असतं.

म्हणजे वर्षभराचं "नंतर बघू" साचत जातं आणि मे महिन्यात एकदम समोर येतं.

मे महिन्यात नेमकं काय बदलतं

खोल्या रिकाम्या झाल्या की टकटक थांबते आणि कामं घाऊक होतात. एका खोलीत सगळं करण्याऐवजी सगळ्या खोल्यांत एक काम. आधी सगळे पंखे, मग सगळ्या ट्यूब, मग सगळे नळ, मग रंग.

एक साधा हिशोब करू. समजा २०० खोल्या आहेत आणि प्रत्येक खोलीला पंखा, दिवे, कडी-कोयंडा, कॉट, कपाट तपासून छोटी दुरुस्ती करायला एका माणसाची ४५ मिनिटं. झाले १५० तास. दोन माणसं रोज सात-सात तास निव्वळ काम करतात असं धरलं तर जवळपास ११ दिवस. हेच काम सेमिस्टर चालू असताना पूर्ण वर्षातही संपत नाही.

पंख्याचंच बघा. उन्हाळ्यात पंखा हळू फिरतो, आपण व्होल्टेजला शिव्या देतो. बऱ्याचदा दोष कपॅसिटरचा असतो. छताच्या पंख्यात साधारण अडीच मायक्रोफॅरॅडचा छोटा डबा असतो, तो वर्षांगणिक कमकुवत होतो आणि पंखा सुस्तावतो. किंमत शंभर रुपयांच्या आत. पण तो बदलायला शिडी लागते, मेन बंद करावा लागतो आणि खाली कॉटवर कुणी झोपलेलं नको. हे तिन्ही जमतं ते मे महिन्यात.

दुसरी गोष्ट, जी मला त्या उन्हाळ्यापर्यंत माहीतच नव्हती. दर आठवड्याला केअरटेकर काका हातात बादली आणि मग घेऊन रिकाम्या मजल्यांवर फिरायचे आणि प्रत्येक बाथरूमच्या जाळीत पाणी ओतायचे. मला वाटलं साफसफाई. विचारलं तर म्हणाले, "अरे, ह्या पाणी सुकला की खालसून वास येता नि झुरळा वर येतत. तुमी येवच्या आदी मी सगळ्या मोऱ्यांनी पाणी घालतंय, म्हणान तुमका वास येणा नाय."

त्याचं शास्त्र असं. मोरीच्या जाळीखाली नहाणी ट्रॅप असतो. त्यात थोडं पाणी कायम अडकून राहतं आणि ते पाणी बुचासारखं काम करतं. खालच्या ड्रेनेजचा गॅस आणि किडे वर येऊ शकत नाहीत. रोज अंघोळी होतात तोवर ते आपोआप भरलेलं राहतं. खोली काही आठवडे बंद राहिली की पाणी वाफ होऊन उडतं, बूच निघतं आणि सगळ्या मजल्यावर गटाराचा वास. उपाय काय, तर एक मग पाणी. पण ते प्रत्येक मोरीत, दर आठवड्याला, न विसरता. दिसायला शून्य काम. नाही केलं तर जूनमध्ये येणाऱ्या पोरांचा पहिला दिवस खराब.

त्याच फेरीत साचलेलं पाणी काढायचं, हा उलटा उद्योग. पोरांनी उघड्या ठेवलेल्या बादल्या, कुलरच्या टाक्या, न वापरलेले फ्लश. डेंग्यूचा डास साठलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो आणि उन्हाळ्याच्या तापमानात अंड्यापासून उडणारा डास व्हायला आठवडा-दहा दिवस पुरतात. म्हणून आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळायला सांगतात. ट्रॅपमध्ये पाणी हवं, बादलीत नको.

आणि ढेकूण! खोली दोन महिने रिकामी राहिली की उपाशी मरतील असं आपल्याला वाटतं. मरत नाहीत. ढेकूण खाण्याशिवाय कित्येक महिने जगू शकतो. गादी उन्हात टाकली की मेले, हेही अर्धंच खरं. त्यांना आणि त्यांच्या अंड्यांना मारायला साधारण ४५ ते ५० अंश तापमान बराच वेळ टिकावं लागतं. कोकणात हवा ३४-३५ अंशांवर राहते. गादीचा वरचा भाग तापतो, आत कापसात ढेकूण आरामात असतात. म्हणून गाद्या उलट-सुलट करायच्या, कॉटचे सांधे उघडून औषध मारायचं, भिंतीच्या फटी बुजवायच्या. शंभर-दोनशे गाद्या गच्चीवर नेणं आणि उतरवणं, तेही मे महिन्याच्या घामात, ही कामाची खरी मजुरी.

कोकणातली घाई वेगळी

इथवरचं कुठल्याही हॉस्टेलला लागू आहे. पण जागा बदलली की उन्हाळ्याचा वेग बदलतो.

नागपूरला मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. तिथे दुपारी गच्चीवर काम करणं धोक्याचं, म्हणून सकाळी लवकर सुरू, दुपारी बंद, उन्हं उतरल्यावर परत. पुण्यात स्पर्धा परीक्षावाले आणि इंटर्नशिपवाले उन्हाळ्यातही राहतात, त्यामुळे खासगी हॉस्टेलं पूर्ण रिकामी होतच नाहीत. आयआयटी मुंबईसारख्या ठिकाणी बाहेरच्या कॉलेजांतले विद्यार्थीही उन्हाळी इंटर्नशिपला येऊन राहतात.

कोकणात ऊन एवढं कडक नाही, पण आपल्याला वेळ कमी. कारण पाऊस.

सिंधुदुर्गात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तोही मुख्यतः चार महिन्यांत. म्हणून आमच्याकडे मे महिना म्हणजे पावसाळ्याची बेगमी. घराची शाकारणी, लाकडं आत घेणं, आमसुलं सुकवणं, पन्हळी साफ करणं, पावसाच्या बाजूला झड लावणं. हॉस्टेल म्हणजे दोनशे खोल्यांचं घर. त्याचीही शाकारणी असते, फक्त नाव वेगळं: गच्चीचं वॉटरप्रूफिंग, पावसाच्या पाइपातली पानं काढणं, पत्र्याचे हुक घट्ट करणं, खिडक्यांच्या फटी भरणं, चिऱ्याच्या भिंतीवरचं शेवाळ खरवडणं.

यातल्या बऱ्याच कामांना पृष्ठभाग कोरडा लागतो. ओल्या भिंतीवर रंग दिला तर दिवाळीपर्यंत फुगे येतात. गच्चीच्या भेगा ओल्या असताना भरल्या तर थर धरत नाही. गच्ची नीट झाली का बघायला तिच्यावर पाणी साठवून ठेवावं लागतं, आणि मे महिन्यात विहिरींनी तळ गाठलेला असतो. एवढा पाऊस पडणाऱ्या जिल्ह्यात मे महिन्यात पाण्यासाठी थांबावं लागतं, हे बाहेरच्या माणसाला सांगून पटत नाही.

आता कॅलेंडर मांडू. समजा परीक्षा १५ मेला संपली. आमची आजी सांगते ७ जून, मृग नक्षत्र. म्हणजे हातात तेवीस दिवस. त्यातले पहिले चार-पाच दिवस नो ड्यूज, डिपॉझिट, चाव्या यात जातात. उरले अठरा. मधले रविवार काढा, सुतार आणि रंगारी मे महिन्यात सगळ्या गावाला हवे असतात ते धरा.

आणि हा तेवीसचा आकडासुद्धा भरवशाचा नाही. २०२५ साल आठवा. मान्सून केरळात २४ मेला पोहोचला, एरवीची तारीख १ जून. दुसऱ्या दिवशी, २५ मेला, तो आपल्या देवगडपर्यंत आला आणि २६ मेला मुंबईत. आपल्या उदाहरणातल्या हॉस्टेलला त्या वर्षी तेवीसऐवजी दहा दिवस मिळाले असते. आमच्या काकांच्या भाषेत, "पावस काय नोटीस लावन येता?"

सॉफ्टवेअरमध्ये आम्ही मेंटेनन्स विंडो ठरवतो. रात्री दोन ते चार सर्व्हर बंद, तेवढ्यात अपडेट करायचं. उशीर झाला तर मॅनेजरला सांगून वेळ वाढवून घेतो. कोकणातल्या हॉस्टेलच्या विंडोची वेळ वाढवून देणारं कुणी नाही.

म्हणून नियोजन मार्चमध्ये व्हायला हवं. सामान आधी आणून ठेवायचं. पावसाला घाबरणारी कामं पहिल्या आठवड्यात: गच्ची, बाहेरचा रंग, पाइप. आतली कामं, पंखे, कपाटं, कॉट, ती पाऊस सुरू झाल्यावरही करता येतात. आणि एक महत्त्वाचं: मागे राहिलेल्या दहा-बारा पोरांना एका मजल्यावर आणायचं. आमच्या वेळी मी तिसऱ्या मजल्यावर, एक जण पहिल्यावर, दोघं दुसऱ्या विंगमध्ये असे विखुरलेले होतो. चार माणसांसाठी चारही ठिकाणचं पाणी, दिवे, झाडलोट, पहारा चालू. शेवटी सगळ्यांना तळमजल्यावर हलवलं आणि वरचे मजले कामाला मोकळे झाले. तेव्हा आम्ही कुरकुर केली. आता कामात रोज सर्व्हर एकत्र करतो तेव्हा कळतं, ते बरोबर होतं.

जातात एकदम, येतात हप्त्याने

ऑफिसच्या क्लार्कचा वेग याहून वेगळा. मे महिन्यात दोन-तीन दिवसांत सगळे जातात. तेव्हा रांग, सह्या, कपाटाची चावी, फुटलेल्या काचेचे पैसे, मेसची थकबाकी. नंतर एकदम शांत. येताना मात्र एकदम कुणी येत नाही. जून-जुलैत वरच्या वर्गांची पोरं येतात. पहिल्या वर्षाच्या इंजिनिअरिंगच्या कॅप राउंड जुलै-ऑगस्टमध्ये आणि कधी त्याही पुढे चालतात. कुणाची सीट बदलली, कुणी ॲडमिशन रद्द केली, की खोली परत रिकामी. म्हणजे रिकामी करण्याचं काम तीन दिवसांचं आणि भरण्याचं दोन-तीन महिन्यांचं. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं क्लार्क उन्हाळ्यात निवांत असतो. त्याच्या टेबलावरची फाइल सप्टेंबरला बंद होते.

मेसमध्ये काय होतं

आतापर्यंत ज्यांचं काम वाढतं त्यांच्याबद्दल बोललो. आता ज्यांचं काम एका दिवसात शून्य होतं, त्यांच्याबद्दल.

मेस बहुतेक ठिकाणी ठेकेदाराकडे असते. हिशोब ताटांवर. तीनशे पोरं जेवतात तेव्हा सकाळी पाचला गॅस पेटतो आणि रात्री दहाला भांडी संपतात. पोरं गेली, ताटं शून्य, बिल शून्य. मागे राहिलेल्या दहा-बारा जणांसाठी मोठी भट्टी पेटवणं परवडत नाही, म्हणून मेस बंद. आणि मेस बंद म्हणजे बहुतेक कामगारांचा पगारही बंद. "जूनात परत या" एवढंच सांगितलेलं असतं, कागदावर काही नाही.

आमच्या मेसमधल्या चपात्या करणाऱ्या मावशींनी एकदा सहज बोलता बोलता सांगितलं होतं, "मे म्हयन्यात पगार नाय. आणि पोरांच्यो वह्यो-पुस्तका जूनातच लागतत." आपण जेव्हा सुट्टीवरून ताजेतवाने होऊन येतो, तेव्हा आपल्याला वाढणारी बाई दीड-दोन महिने बिनपगारी काढून, शाळा उघडण्याच्या खर्चासाठी उसनवारी करून आलेली असते.

काही जण मधल्या काळात दुसरं काम शोधतात. मे महिन्यात लग्नसराई असते, केटरिंगवाल्यांना माणसं लागतात. मालवण-तारकर्लीला पर्यटक असतात, हॉटेलांना हात हवे असतात. आंब्याच्या पेट्या भरायचं काम असतं. पण हे सगळं पाऊस आला की संपतं आणि हॉस्टेल मात्र लगेच भरत नाही. मधले आठवडे कोरडे.

ही फक्त हॉस्टेलची गोष्ट नाही. शाळेत पोषण आहार शिजवणाऱ्या स्वयंपाकी-मदतनीस बायकांचं मानधन केंद्राच्या नियमात वर्षाला दहा महिन्यांचंच धरलेलं आहे. तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या तुमच्या सरांना सुट्टीचे पैसे मिळत नाहीत, हे तुम्हाला माहीत असेल. अमेरिकेतही बेकारी भत्त्याचे नियम असे आहेत की शैक्षणिक संस्थेतल्या कर्मचाऱ्याला सुट्टीनंतर काम परत मिळण्याची खात्री असेल तर मधल्या काळाचा भत्ता सहसा नाकारला जातो. मिनेसोटा राज्याने २०२३ मध्ये कायदा बदलून शाळांतल्या तासावर काम करणाऱ्या कर्मचाऱ्यांना उन्हाळ्यात हा भत्ता खुला केला. म्हणजे प्रश्न जगभर आहे आणि उत्तर देताही येतं.

आपल्याकडे कायदा काय म्हणतो? ठेकेदाराने केलेल्या कामाचे पैसे बुडवले, तर ते देण्याची जबाबदारी मूळ संस्थेवर येते. हे १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यात होतं आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या कामगार संहितांतही आहे. पण हे झालं केलेल्या कामाचं. जे काम दिलंच नाही त्याचं काय, तिथे मेसवाली मावशी मोकळी पडते. ग्रॅच्युइटीसाठी एका वर्षाची सलग सेवा मोजताना २४० दिवस काम धरतात. महिन्याला २६ दिवस, दहा महिने, झाले २६०. म्हणजे सुट्टीचा खंड धरूनही वर्ष भरतं. पण ठेकेदार दर दोन वर्षांनी बदलला की मोजणी पुन्हा पहिल्यापासून. माणसं तीच, चूल तीच, कागद नवा.

एकाच इमारतीत दोन वेग

आता दोन्ही बाजू शेजारी ठेवून बघा. एकाच आवारात, त्याच तीन आठवड्यांत, एका बाजूला गाद्या उचलायला, कॉट हलवायला, टाक्या धुवायला, सामानाची मोजदाद करायला माणसं कमी पडतात, म्हणून बाहेरून मजूर आणतात. आणि दुसऱ्या बाजूला त्याच आवाराची खडान्‌खडा माहिती असलेली पंधरा माणसं बिनकामाची घरी बसतात. एक सर्व्हर जळतोय, शेजारचा रिकामा, आणि मधे तार नाही.

तार का नाही, यालाही कारणं आहेत. मेसचा ठेका वेगळा, हाउसकीपिंगचा वेगळा. पीएफ आणि विमा वेगवेगळ्या नावावर. आचाऱ्याला वायरिंग येत नाही आणि ते त्याच्याकडून करून घेऊही नये. आणि सगळ्यांना मे महिन्यात काम हवंच असतं असंही नाही. त्यांच्याही घराची शाकारणी असते, पाऊस पडला की तरवा काढायचा असतो. काहींना दोन महिने घर हवं असतं, पण पगारासकट. म्हणून पहिली पायरी साधी आहे: एप्रिलमध्ये प्रत्येकाला विचारायचं, सुट्टीत काम हवंय का, किती दिवस? ज्यांना हवंय त्यांना साफसफाई, गाद्या, मोजदाद, मेसची भांडी आणि चिमणी खरवडून धुणं ही कामं नेहमीच्या रोजावर.

आणि ज्यांना काम देता येत नाही, त्यांचं? परत एक हिशोब, आकडे मानलेले. तीनशे पोरं, मेसमध्ये पंधरा माणसं, प्रत्येकाला महिना बारा हजार. दोन महिन्यांचा पूर्ण पगार होतो ३ लाख ६० हजार. तीनशे पोरांत वाटला तर वर्षाला डोक्यामागे १२००. दहा महिन्यांच्या मेस फीमध्ये घातला तर महिन्याला १२० रुपये, दिवसाला चार. अर्धा पगार द्यायचा ठरवला तर दोन. तुमच्या हॉस्टेलचे आकडे वेगळे असतील, तुम्हीच काढा. चार रुपये सगळ्यांना सोपे नसतात, हे मला माहीत आहे. स्कॉलरशिपवर शिकणाऱ्या पोराच्या खिशातून ते काढायला लावण्याआधी संस्थेने आपला वाटा द्यायला हवा. पण रक्कम "अशक्य" या रकान्यात बसणारी नाही.

हॉस्टेलात राहणारा आणि हॉस्टेलात राबणारा, हा भेद आपल्याकडे कायम एवढा रुंद नव्हता. शाहू महाराजांच्या काळात, १९०१ पासून, कोल्हापुरात जातीजातींच्या पोरांसाठी बोर्डिंगं उभी राहिली. कर्मवीर भाऊराव पाटलांनी साताऱ्याला १९२४ मध्ये बोर्डिंग सुरू केलं आणि पुढे "कमवा आणि शिका" हा त्यांच्या संस्थेचा मंत्रच झाला. तिथे राबणारा आणि शिकणारा एकच होता. पुणे विद्यापीठात आजही कर्मवीरांच्या नावाने ती योजना चालते. आपण मेसची भांडी घासायला लागू असं मी म्हणत नाही. पण घासणाऱ्याचं कॅलेंडर आपल्याला ठाऊक असावं, एवढं नक्की.

तुम्ही काय करू शकता

ऐकणाऱ्यांपैकी बरेच जण अजून हॉस्टेलला आहात, म्हणून कामाच्या गोष्टी पटापट सांगतो.

१. निघण्याआधी खोलीतल्या तक्रारी एका कागदावर लिहून दाराच्या आतून चिकटवा. "पंखा हळू, खिडकीची डावी कडी तुटली, सॉकेट सैल." काम करणाऱ्याला शोधत बसावं लागत नाही. तुमच्या पाच मिनिटांत त्याचा अर्धा तास वाचतो.

२. बादल्या उपड्या ठेवा. ओले कपडे, फरसाण, बिस्किटं काही मागे ठेवू नका. उंदीर आणि झुरळांना मे महिना पुरतो.

३. आपलं कुलूप लावून चावी घेऊन जाऊ नका. एका बंद खोलीमुळे पूर्ण मजल्याचं वायरिंगचं काम अडतं आणि शेवटी कुलूप तोडावं लागतं.

४. ढेकूण असतील तर लाजू नका, सांगून जा. न सांगता गेलात तर ते शेजारच्या खोलीत जातात.

५. उन्हाळ्यात राहणार असाल तर एका मजल्यावर या म्हटल्यावर भांडू नका.

६. मेसचं बिल निघण्याआधी भरा. थकबाकीचं कारण सांगून आधी खालच्या माणसाचा पगार अडवला जातो.

७. तुमच्या हॉस्टेलला मेस कमिटी असेल तर नवीन ठेका निघण्याआधी एक प्रश्न विचारा: "मेसच्या कामगारांना मे आणि जूनचा पगार कोण देतं?" ठेका एकदा निघाला की वर्ष-दोन वर्षं काही हलत नाही, म्हणून वेळ महत्त्वाची. उत्तर "कोणीच नाही" असेल तर निदान ते मिनिट्समध्ये लिहून घ्या. लिहिलेली गोष्ट पुढच्या वर्षीच्या पोरांना पुढे नेता येते.

आमच्या वेळी हा प्रश्न कुणी विचारला नव्हता, कारण तो आहे हेच दिसत नव्हतं. आपण गेल्यावर घडतं ते दिसणार कसं? तुम्हाला आता माहीत आहे.

तर मंडळी, तुमच्या हॉस्टेलच्या मेसमध्ये मे महिन्यात काय होतं, हे तिथल्या माणसांना विचारा आणि मला व्हॉइस नोट पाठवा. माणसांची आणि कॉलेजची नावं नकोत, फक्त काय पद्धत आहे ते सांगा. कुठे सुट्टीचा पगार मिळत असेल तर ते तर नक्कीच सांगा, म्हणजे बाकीच्यांना "तिकडे देतात" असं म्हणता येईल.

भेटू पुढच्या भागात. तोवर काळजी घ्या, आणि बादली उपडी ठेवा!